स्थावर घर, जंगम घरपण

कायद्याने मिळकतीचे दोन वर्ग केले आहेत. जमीन, इमारत आणि जमिनीला कायमचे जखडलेले जे काही असेल ते स्थावर. जे उचलून दुसरीकडे नेता येते ते जंगम. या विभागणीप्रमाणे घर ही स्थावर मिळकत ठरते, आणि तिचे खरेदीखत, मुद्रांक शुल्क, मालमत्तेच्या नोंदी, हद्दी व हक्क यांची तजवीज सरकारी दप्तरांत अगदी बारकाईने केलेली असते. परंतु ज्या गुणामुळे माणूस दिवसभराच्या श्रमानंतर त्या चार भिंतींकडे ओढीने परततो, ज्याच्यासाठी मराठीने घरपण असा सुटसुटीत शब्द घडविला आहे, तो गुण या दोहोंपैकी कोणत्या वर्गात पडतो याचा विचार क्वचितच होतो. माझ्या मते घरपण हे जवळजवळ सर्वस्वी जंगम आहे. ते वस्तूंच्या मांडणीत, उजेडाच्या योजनेत, अंथरुणा-पांघरुणात, भांड्यांच्या ओळीत आणि माणसांच्या नित्यक्रमात राहते, माणसे हलली की त्यांच्याबरोबर हलते, आणि मुख्य म्हणजे त्याची किंमत चौरस फुटांच्या दराने आकारली जात नाही. ज्याची मिळकत बेताची आहे आणि ज्याला भाड्याच्या किंवा नुकत्याच घेतलेल्या लहानशा घरात संसार मांडावयाचा आहे, त्याने हा भेद ओळखला तर त्याचा पुष्कळसा खर्च आणि त्याहून पुष्कळ मनस्ताप वाचेल.

हे मी ज्या खोलीत शिकलो तिचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची जी भीषण टंचाई निर्माण झाली तिच्यावर उपाय म्हणून गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते उघडले, आणि या खात्याने पुढील काही वर्षांत प्रामुख्याने कामगारवर्गासाठी २०७ चाळी उभारल्या : वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाइल रोडवर म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीस १२. खात्याच्या आद्याक्षरांवरून लोकांनी त्यांना बीडीडी चाळी म्हटले आणि तेच नाव कायम झाले. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर मधून जाणारा लांब, दिवसाही अंधारलेला बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना मिळून २० खोल्या, शौचालये सामाईक, आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. भिंती सिमेंट-काँक्रीटच्या, कोऱ्या, एका साच्यातून काढल्यासारख्या. स्थावर म्हणून त्या खोलीने राहणाऱ्याला याहून अधिक काही दिलेच नव्हते.

माझे बालपण नायगावच्या अशा एका खोलीत गेले. घरात आम्ही आठ माणसे होतो, आणि तरीही त्या खोलीत कधी अडगळ वाटल्याचे मला आठवत नाही. याचे कारण आमच्या आईची स्मरणशक्ती आणि शिस्त हे होते असे मी पुष्कळ वर्षे समजत असे. पुढे इतरांच्या खोल्या लक्षपूर्वक पाहिल्यावर ध्यानात आले की ती एकट्या आईची विद्या नव्हती. ती चाळीची विद्या होती, आणि जुन्या चाळींत आजही ती जिवंत आहे. दाराच्या उंचीवर तिन्ही भिंतींना फिरविलेली लाकडी फळी, आणि तिच्यावर सणावारी लागणारी मोठी पातेली, परात, पिंप. तिच्याखाली स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मांडणी, जिच्यात ताटे उभी, वाट्या पालथ्या आणि पेले ओळीने. छताजवळ टांगलेली बांबूची दांडी, जिच्यावर ओले कपडे काठीने चढवावयाचे आणि काठीनेच उतरवावयाचे. पलंगाच्या चारही पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे, म्हणजे खाली ट्रंका सरकविण्यापुरती जागा होते. सकाळी गुंडाळून त्याच पलंगावर रचलेल्या वळकट्या. उंची असेल तेथे पोटमाळा. मोरीच्या कट्ट्याशी पाण्याचे पिंप आणि त्यावर झाकण म्हणून ठेवलेली थाळी. भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली असे, त्यामुळे आमच्या मांडणीकडे नुसते पाहिले तरी कोणत्या आत्याने कोणत्या लग्नात काय दिले याचा दस्तऐवज वाचावयास मिळे. ही सर्व सामग्री जंगम होती. तिच्यातील एकही जिन्नस महाग नव्हता, आणि ती काढून नेली असती तर मागे १६० चौरस फूट काँक्रीट तेवढे उरले असते.

या मांडणीच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते स्पष्ट करून सांगण्याजोगे आहे. मोठ्या घरात प्रत्येक कामाला वेगळी जागा दिली जाते. लहान घरात तसे करता येत नाही, म्हणून प्रत्येक कामाला वेगळी वेळ दिली जाते. पहाटे जी जागा न्हाणीघर असते ती सातनंतर स्वयंपाकघर होते, दुपारी निवडण-टिपणाची ओसरी, संध्याकाळी मुलांची शाळा आणि रात्री शयनगृह. आणि हे रूपांतर दिवसातून चार-पाच वेळा निर्वेध घडावयाचे असेल तर जमिनीवर कायमची बसणारी वस्तू जितकी थोडी तितके बरे. नवे बिऱ्हाड मांडणारी तरुण मंडळी बहुधा येथेच चुकतात. दुकानात पाहिलेला सोफा, त्याच्यापुढचे काचेचे मेज आणि भिंतभर कपाट ही सर्व जमीन अडविणारी सामग्री ते प्रथम आणतात, आणि मग राहावयास जागा उरत नाही म्हणून घर लहान आहे अशी तक्रार करतात. जमीन मोकळी ठेवून भिंतीला कामाला लावणे, हा लहान घराच्या शास्त्रातील पहिला नियम समजावा.

वास्तविक भिंतीला कामाला लावण्याची कला चाळीच्याही आधीची, आपल्या खेड्यांतल्या आणि वाड्यांतल्या घरांची आहे. मातीच्या किंवा पांढरीच्या भिंती हात-दीड हात जाड असत, आणि त्या जाडीच्या पोटातच कोनाडे, देवळ्या व फडताळे काढलेली असत. कोनाड्यात दिवा, देवळीत देव, फडताळात लोणच्याच्या बरण्या, खांबाच्या खुंटीवर पागोटे किंवा पिशवी, आढ्याला टांगलेल्या शिंक्यात दूधदुभते. म्हणजे ज्याला आपण आज फर्निचर म्हणतो ते त्या घरांत भिंतीतच अंतर्भूत होते आणि त्याला निराळा खर्च पडत नव्हता. आजच्या इमारतींतील आतल्या भिंती पुष्कळदा अर्ध्या विटेच्या, म्हणजे साडेचार इंचांच्या असतात. त्यांत कोनाडा निघू शकत नाही, आणि म्हणून कोनाड्याचे काम करण्यासाठी कपाट आणावे लागते. याला सर्वांत स्वस्त उतारा म्हणजे भिंतीवर बसविलेली उघडी फळी. आठ-नऊ इंच रुंदीची साधी फळी, दोन लोखंडी आधार आणि चार पक्के स्क्रू एवढ्या सामग्रीत कोनाड्याची बहुतेक सोय परत मिळते. उघड्या फळीला एक नैतिक गुणही आहे : तिच्यावर काय ठेवले आहे ते सर्वांना दिसते, म्हणून तिच्यावर निरुपयोगी वस्तू फार दिवस टिकत नाहीत.

थोडक्या खर्चातही सौंदर्य उणे पडत नाही याचे उत्तम उदाहरण वर्ध्यापासून थोड्या अंतरावर आजही पाहावयास मिळते. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगाव या खेड्यात राहावयास आले. त्याच गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी मूळची गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेली. स्थानिक माती, बांबू, लाकूड आणि कौले यांखेरीज तीत फारसे काही नाही. जमीन शेणाने सारवलेली. बसण्यासाठी चटई आणि गादी, लिहिण्यासाठी बुटके मेज. परंतु तिच्या भिंतींवर मीराबेन यांनी त्याच मातीने ताडाची झाडे, चरखा आणि ॐकार यांची उठावदार चित्रे काढली आहेत. रंग नाही, चौकट नाही. भिंतीचीच माती हाताने थोडी वर उचलली आहे इतकेच. मी ही कुटी प्रथम पाहिली तेव्हा जो थबकलो तो या चित्रांपाशी. पैशाने विकत न घेतलेल्या परंतु हाताने घडविलेल्या एका खुणेने साऱ्या वास्तूला व्यक्तित्व कसे येते, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. ठाणे-पालघर भागातील वारल्यांच्या घरांत लग्नाच्या वेळी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहिला जातो, त्याचीही सामग्री तीच : सारवणाची भिंत आणि पीठ. शहरातल्या घरात दाराबाहेरची रांगोळी, मुलाने काढलेले आणि ओळीत लावलेले चित्र, आजोबांचे छायाचित्र, किंवा १९७३ पासून मराठी घरांच्या भिंतीवर खिळा अडविणारे कालनिर्णय, ज्याच्या चौकटीत दुधाचा हिशेब आणि गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहिलेली असते, यांची योग्यता मी कोणत्याही विकतच्या शोभेच्या वस्तूहून अधिक मानतो.

भिंतींचा विषय निघाला आहे तर रंगाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बेताच्या पैशात घराचे रूप पालटण्याचे सर्वांत मोठे साधन तेच आहे आणि त्यातच पैसा सर्वांत अधिक वाया जातो. पहिली गोष्ट ओलीची. भिंतीला पाणी मुरत असेल तर त्या पाण्याबरोबर विटेतील व सिमेंटमधील क्षार पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते आणि क्षारांचे पांढरे फूल मागे राहते. जुन्या भाषेत याला लोणा लागणे म्हणतात. अशा भिंतीवर कितीही भारी रंग दिला तरी क्षार त्याला आतून ढकलून पापुद्रे काढतात. माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत मी भाद्रपदात हौसेने रंग काढला आणि दिवाळीला तो हाताने सोलून निघाला. तेव्हापासून मी प्रत्येकास हेच सांगतो की आधी पाण्याची वाट शोधावी, नळाची गळती असो, गच्चीची भेग असो की खिडकीच्या वरची पडदी असो, ती बंद करावी, भिंत एक उन्हाळा पूर्ण वाळू द्यावी, आणि मगच रंगाचा बेत करावा.

आणि रंग कोणता? ज्या भिंतीवर पूर्वी तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग बसलेला नाही अशा भिंतीला चुन्याइतके स्वस्त आणि गुणकारी दुसरे काही नाही. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळी पाण्यात टाकली की ती उकळी फुटल्याप्रमाणे तापते, म्हणून हे काम लोखंडी पिंपात, अंतरावरून आणि डोळे जपून करावयाचे. निवल्यावर चुना फडक्यातून गाळावयाचा, त्यात भिजविलेला डिंक किंवा सरस घालावयाचा, म्हणजे हात लावल्यावर पांढरे लागत नाही, आणि चिमूटभर नीळ घालावयाची, म्हणजे पिवळसर छटा मरून शुभ्रता उठून दिसते. भिंत आधी पाण्याने ओली करून पातळ असे दोन किंवा तीन हात द्यावेत. जाड एक हात दिला तर तो तडकतो. भिंतीवर बसलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो, म्हणजे ज्या दगडापासून तो निघाला त्याच दगडाचा पातळ थर भिंतीवर तयार होतो. ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारधर्मामुळे बुरशीला थारा मिळत नाही आणि थर सच्छिद्र असल्याने भिंतीतील दमटपणा बाहेर पडू शकतो. शिवाय पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाच्या पाऊण हिश्शाहून अधिक उजेड परत फेकते, तर गडद भिंत त्यातील बहुतेक गिळून टाकते; बीडीडीच्या बोळाकडील अंधाऱ्या खोल्यांत हा हिशेब आम्हांला कोणी शिकविला नव्हता, पण दिवाळीपूर्वी सफेदी झाली की खोली मोठी झाल्यासारखी वाटे याचे कारण तेच. वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली राहणाऱ्याने फाल्गुन-चैत्रात गच्चीला किंवा पत्र्यालाही चुन्याचा हात द्यावा. ऊन परत फेकले गेल्याने खालच्या खोलीचा ताप काही अंशांनी उतरतो.

रिकाम्या खोलीत शिरल्यावर जी परकेपणाची भावना होते तिचा बराचसा भाग डोळ्यांच्या नव्हे तर कानांच्या वाटेने येतो, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. नव्या जागेत आपण बोललो की शब्द भिंतींवर आपटून परत येतात. भांडे ठेवले तरी त्याचा खणखणाट रेंगाळतो. याचे शास्त्र वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडले. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच समजत नाही अशी तक्रार आली, कारण तेथे एकदा निघालेला ध्वनी साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. सॅबिनने रात्री, शहर निजल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या उचलून त्या सभागृहात आणावयास सुरुवात केली आणि किती गाद्या आणल्यावर घुमारा किती घटतो याचे मोजमाप केले. मऊ, सच्छिद्र वस्तू ध्वनी पितात आणि कठीण गुळगुळीत पृष्ठभाग तो परत फेकतात, हा त्या मोजमापाचा साधा निष्कर्ष आजही प्रत्येक सभागृहाच्या बांधणीचा पाया आहे.

आपल्या घरांत या गाद्यांचे काम गोधडी करते. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक घालून धावत्या टाक्याने शिवलेली गोधडी, जिला दक्षिण महाराष्ट्रात वाकळ म्हणतात, ती थंडीतले पांघरूण तर आहेच. पण दिवसा घडी घालून पलंगावर ठेवली की बैठक, भिंतीला टांगली की शोभा, आणि या सर्व वेळी ती मूकपणे खोलीतला घुमारा पीत असते. जुन्या सुती साडीचा पडदा करावयाचा तर खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन चुण्या पाडाव्यात. ताणून लावलेल्या पडद्यापेक्षा चुण्यांचा पडदा आवाजही अधिक शोषतो आणि उजेडही मवाळ करतो. पुस्तकांची उघडी फळी, चटई, लोड, उशा यांचाही उपयोग हाच. आणि गोधडीत ज्यांची वस्त्रे आहेत त्यांचा सहवासही तिच्याबरोबर येतो, हे मला येथे लिहून ठेवावेसे वाटते. आमच्या आईच्या पातळांची गोधडी गेली तीस वर्षे माझ्याबरोबर पाच घरे फिरली आहे, आणि ती अंथरली की ते घर माझे होते.

उजेडाबद्दल दोन गोष्टी व्यवहारात फार उपयोगी पडतात. खोलीच्या मध्यभागी छताला एकच प्रखर दिवा लावण्याची आपल्याकडे रूढी आहे; त्याने चेहऱ्यांवर सावल्या पडतात आणि संपूर्ण खोली कचेरीसारखी दिसते. त्याऐवजी कमी शक्तीचे दोन किंवा तीन दिवे वेगवेगळ्या उंचीवर, एक ओट्यावर, एक वाचण्याच्या जागी, एक कोपऱ्यात, अशी योजना करावी आणि ज्या कामाला लागेल तोच लावावा. दुसरी गोष्ट रंगाची. एलईडी दिव्याच्या वेष्टनावर केल्विनचा आकडा छापलेला असतो : ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. निळसर उजेड झोप आणणाऱ्या मेलॅटोनिन या द्रव्याला अटकाव करतो, म्हणून झोपण्या-बसण्याच्या जागी पिवळसर दिवाच असावा. खर्चाचे म्हणाल तर ९ वॉटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॉटच्या बल्बाएवढा उजेड देतो. रोज पाच तास लावला तर महिन्याला त्याला सव्वा ते दीड युनिट लागते, बल्बाला ९ युनिटे लागत.

खरेदीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : जेथे शरीराचा रोज स्पर्श होतो तेथे पैसा खर्च करावा, आणि जेथे फक्त पाहुण्याची दृष्टी पडते तेथे करू नये. चांगली गादी, बसावयास योग्य उंचीची एक खुर्ची, धार टिकणारी विळी किंवा सुरी, न गळणारा नळ, यांत काटकसर करणे म्हणजे रोज थोडे थोडे नुकसान सोसणे होय. हप्त्यांवर सामान घेण्याचा मोह टाळावा. हप्ता फिटण्यापूर्वी ज्याचा रंग उडतो असे कपाट मीही एकदा घेतले होते, आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या त्याच्या फळ्या कोकणच्या एका पावसाळ्यात पाव भिजावा तशा फुगल्या. त्यापेक्षा जुना सागवानी माल पाहावा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असलेली जुन्या सामानाची एखादी आळी, येथे साठ-सत्तर वर्षे वापरलेली टेबले आणि मांडण्या मिळतात, आणि जे लाकूड इतकी वर्षे टिकले ते आणखी टिकेल याची ती स्वतःच जामीन असतात. मात्र घेण्यापूर्वी पाय ठोकून पाहावेत. पोकळ आवाज आला किंवा बारीक भुकटी गळली तर वाळवी किंवा भुंगा आहे असे समजावे. खाट-पलंगाचे सांधे विशेष तपासावेत, कारण त्यांतून ढेकूण घरी येतात. सांध्यांत उकळते पाणी ओतून आणि कडक उन्हात दोन-चार दिवस ठेवूनच तो पलंग आत घ्यावा.

भाडेकरूंना एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करारनामा लेखी असणे व नोंदविलेला असणे आवश्यक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. भिंतीला भोके पाडता येतील काय, रंग काढता येईल काय, जाताना भिंत पूर्ववत करून द्यावी लागेल काय, या बाबींचा उल्लेख त्या करारनाम्यात आधीच करवून घ्यावा. शेवटी अनामत रक्कम परत घेताना होणारे बहुतेक तंटे याच तीन प्रश्नांवरून होतात. आणि ज्या घरात मुदतीपुरते राहावयाचे आहे तेथे स्थावरावर खर्च करू नये. ओटा बदलणे, फरशी घालणे, भिंतीत जडविलेले कपाट करणे हे सर्व मालकाच्या मिळकतीत जमा होते. उभी मांडणी, पडदे, दिवे, कुंड्या, गाद्या ही आपल्याबरोबर येतात.

कुंड्यांविषयी एवढेच की तुळस, कोरफड, कढीलिंब आणि मनीप्लांट ही फारशी निगा न मागणारी झाडे आहेत आणि खिडकीत हिरवा रंग असणे मनाला निश्चितच सुखवते. परंतु ती खोलीतील हवा शुद्ध करतात या समजुतीने कोणी ती घेऊ नयेत. हा समज १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगांवरून पसरला, आणि ते प्रयोग हवाबंद पेटीत केलेले होते. राहत्या घरात हवा शुद्ध करण्याचे काम समोरासमोरच्या दोन खिडक्या कितीतरी अधिक करतात. वासाचा मात्र प्रभाव खरा आहे. मेंदूत वासाची वाट भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपाशी थेट पोहोचते, म्हणून फोडणीचा, ताज्या चुन्याचा किंवा संध्याकाळच्या उदबत्तीचा वास पहिल्याच आठवड्यात परक्या जागेचे परकेपण जितके कमी करतो तितके कोणतेही फर्निचर करू शकत नाही. नव्या घरात दूध उतू घालण्याची आपली रीत मला या दृष्टीनेही अर्थपूर्ण वाटते. त्या दिवशी त्या घराला पहिल्यांदा स्वयंपाकाचा वास येतो.

ज्या चाळींपासून मी आरंभ केला त्या आता पाडल्या जात आहेत. वरळीच्या पुनर्विकसित इमारतींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील कुटुंबेही त्याच मार्गावर आहेत. तीन पिढ्यांनी वाट पाहिलेले हे घर आहे आणि त्यांना ते लाभते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांना माझी एकच विनंती आहे. सामान बांधताना मांडणी, ट्रंका, नावे कोरलेली भांडी आणि गोधड्या भंगारवाल्याच्या किंवा बोहारणीच्या हवाली करू नयेत, आणि नव्या घरात शिरताच सुताराला बोलावून भिंती भरू नयेत. चार-सहा महिने मोकळ्या जागेत राहावे. सकाळचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते, वारा कोणत्या खिडकीतून येतो, घरातली माणसे आपसूक कोठे बसतात, हे पाहावे. तोवर जुनी मांडणी ओट्याशेजारी उभी करावी, तिच्यात ताटे लावावीत, आणि मगच सुताराला निरोप धाडावा.